वाचकांचे प्रश्न : बाहेरचे जेवण, बेताचा खर्च

प्रवासात किंवा एरवीही घराबाहेर थोडक्या पैशांत जेवायचे असेल तर जागा कशी निवडावी आणि काय मागवावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. ते मी लांबू दिले, कारण पुढची बरीच उत्तरे त्याच्या आधारावर उभी आहेत.

प्रश्न : कामानिमित्त महिन्यातले दहा-बारा दिवस मी फिरतीवर असतो. जेवणासाठी मिळणारा भत्ता तुटपुंजा आहे. तरीही टेबले पुसलेली, भिंती रंगवलेल्या आणि वाढपी नीटनेटके असतील अशीच जागा मी निवडतो. असे असूनही दर दोन-तीन फेऱ्यांमागे माझे पोट बिघडते. माझा सहकारी मात्र रस्त्याकडेच्या गाडीवर उभ्याने खातो आणि ठणठणीत असतो. माझे नेमके काय चुकते?
— फिरतीवरचा एक वाचक

उत्तर : तुम्ही बसण्याची जागा पारखता, पण पोट बिघडवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा स्वयंपाकघरात आणि तुम्ही पोहोचण्याच्या कितीतरी आधी घडलेल्या असतात. टेबल पुसलेले असणे चांगलेच आहे. मात्र ताटात आलेले अन्न केव्हा शिजले आणि शिजल्यापासून आतापर्यंत ते कोणत्या तापमानाला राहिले, हे त्या टेबलावरून कळत नाही. माझ्या मते बाहेर जेवताना विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे, आणि स्वस्त जागेला तो जितका लागू आहे तितकाच महागड्या जागेलाही लागू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. स्वच्छता राखणे, कच्चे आणि शिजवलेले अन्न वेगळे ठेवणे, अन्न पूर्ण शिजवणे, ते योग्य तापमानाला ठेवणे आणि पाणी व कच्चा माल सुरक्षित असणे, अशी ती सूत्रे आहेत. त्यांतले चौथे सूत्र ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचे आहे. शिजवलेले अन्न एकतर ५ अंश सेल्सिअसच्या खाली थंड ठेवावे किंवा ६० अंशांच्या वर गरम ठेवावे, आणि या दोहोंच्या मधल्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, असे ते सांगते. या मधल्या पट्ट्यात, म्हणजे आपल्याला कोमट किंवा साधे वाटते त्या तापमानात, जिवाणू झपाट्याने वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. हा वेग कायम राहिला तर एका जिवाणूचे दोन तासांत ६४ आणि चार तासांत ४,०९६ होतात. त्या अन्नाचा वास, रंग आणि चव या काळात जशीच्या तशी राहू शकते, त्यामुळे चाखून पाहणे हा यावरचा उपाय होत नाही.

‘गरम करून दिले आहे ना, मग काळजी कशाची,’ असे पुष्कळ जणांना वाटते. काही जिवाणूंच्या बाबतीत ते खरे आहे, कारण अन्नाचा गाभा ७० अंशांपर्यंत तापला की बहुतेक जिवाणू मरतात. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू, जो निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवरही असतो, अन्नात वाढताना विष तयार करतो आणि ते विष पुन्हा उकळल्यानेही नाहीसे होत नाही. बॅसिलस सेरिअस या जिवाणूची बीजाणुरूपे, म्हणजे कवचातली सुप्त रूपे, भात शिजवताना मरत नाहीत. भात शिजवून तसाच बाहेर राहिला की ती पुन्हा जागी होऊन वाढतात आणि त्यांचे उलट्या घडवणारे विषही उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे सकाळी शिजवून दुपारभर झाकून ठेवलेला आणि संध्याकाळी तुमच्यासाठी परतून दिलेला भात वाफाळता असला तरी त्याचा मधला काळ पुसला जात नाही.

आता तुमच्या सहकाऱ्याची गाडी पाहा. पदार्थ समोर तयार होतो, कढईतून किंवा तव्यावरून थेट हातात येतो, रांग असल्यामुळे काहीही फार वेळ पडून राहत नाही, आणि संपले की गाडी बंद होते. शिजल्यापासून तोंडात जाईपर्यंत फार तर पाच मिनिटे जातात. याउलट दुपारी चार वाजता एखाद्या प्रशस्त, थंडगार, पण रिकाम्या उपाहारगृहात तुम्ही शिरलात, तर समोर येणारे अन्न दुपारच्या गर्दीसाठी केलेले आणि उरलेले असण्याचा संभव बराच असतो. मी स्वतः अशाच एका सुरेख सजवलेल्या, रिकाम्या जागी अवेळी जेवलो होतो आणि पुढचे चार दिवस अंथरुणाला खिळलो होतो. तेव्हापासून मी भिंतींच्या रंगापेक्षा किती लोक जेवत आहेत ते आधी पाहतो.

याचा अर्थ प्रत्येक गाडी सुरक्षित असते असा मात्र नाही. गाडीवर वाहते पाणी नसेल, एकाच बादलीत सगळी भांडी विसळली जात असतील, पैसे घेणारा हातच तयार पदार्थाला लागत असेल, किंवा शिजवलेल्या पदार्थावर शेवटी कच्चे काही घातले जात असेल, तर ताज्या तव्याचा फायदा तिथेच संपतो. तुमच्या सहकाऱ्याच्या शरीराला त्या भागातील जंतूंची थोडीफार ओळख झालेली असण्याचीही शक्यता आहे, कारण वारंवार संपर्क आल्यावर काही जंतूंविरुद्ध अंशतः प्रतिकारशक्ती तयार होते. म्हणून त्याचे डोळे मिटून अनुकरण करू नका. त्याच्या सवयीतला ताजेपणा आणि गर्दी पाहण्याचा भाग तेवढा घ्या.

प्रत्यक्षात काय पाहावे, ते माझ्या सवयीवरून सांगतो. त्या गावातील लोक ज्या वेळी जेवतात त्याच वेळी मी जेवायला जातो आणि त्यांची जिथे गर्दी असते तिथे बसतो. मेनूकार्डावर दीडशे पदार्थ असतील तर माझा उत्साह मावळतो, कारण लहान स्वयंपाकघराला इतके पदार्थ रोज ताजे करणे जमत नाही आणि त्यांतले निम्मे शीतपेटीतून निघतात. फळ्यावर आठ-दहा पदार्थ लिहिलेले असतील, आणि दोन पदार्थांपुढे ‘संपले’ असे खडूने लिहिलेले असेल, तर तिथे मी निश्चिंत मनाने बसतो. ‘आत्ता काय ताजे निघाले आहे?’ असे वाढप्याला नम्रपणे विचारतो. या प्रश्नाचा कोणी राग धरल्याचे मला आठवत नाही, आणि उत्तर बहुधा प्रामाणिक मिळते. कापून उघड्यावर ठेवलेली फळे, टेबलावर दिवसभर उघडे असलेले सॉस आणि कच्च्या भाज्या मी टाळतो, तर सोलून खाता येणारे अखंड फळ बिनधास्त घेतो. बर्फाच्या बाबतीत लोक हमखास फसतात. गोठल्याने जंतू मरतीलच असे नाही, त्यामुळे बर्फ ज्या पाण्याचा केला असेल त्या पाण्याइतकाच तो सुरक्षित असतो. पाण्याबद्दल शंका असेल तर खळखळून एक मिनिट उकळलेले, आणि समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटे उकळलेले पाणी प्यावे. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून हा जास्तीचा वेळ द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट. पोट बिघडले की आपण शेवटच्या जेवणाला दोष देतो, आणि पुष्कळदा तो चुकीचा असतो. स्टॅफिलोकॉकसच्या विषाचा त्रास अर्ध्या तासापासून आठ तासांत सुरू होतो, पण नोरोव्हायरसची लक्षणे दिसायला १२ ते ४८ तास लागतात आणि साल्मोनेलाची लक्षणे सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतात. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत काय, कुठे आणि किती वाजता खाल्ले याची एका ओळीची नोंद ठेवा. तुमच्या बाबतीत वारंवार आड येणारी गोष्ट एखादी जागा नसून, काम संपवून अवेळी जेवायला जाण्याची सवयच आहे, असे त्या नोंदीतून निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. आणि जेवणाआधी वीस सेकंद साबणाने हात धुण्याचे विसरू नका, कारण कित्येकदा जंतू आपल्याच बोटांवरून ताटात येतात. नोरोव्हायरसवर हातांना चोळायचा अल्कोहोलयुक्त द्रव फारसा चालत नाही, त्यामुळे साबण आणि पाणी मिळत असताना खिशातल्या बाटलीवर विसंबू नये.

प्रश्न : आम्ही चौघे, म्हणजे आई-वडील आणि दोन मुले, वर्षातून एकदा आठ दिवसांच्या सहलीला जातो. प्रवास आणि राहण्याचा खर्च आधी ठरवलेला असतो, पण खाण्याचा अंदाज दर वर्षी कोलमडतो. मुलांना उपाशी ठेवायचे नाही आणि सतत ‘महाग आहे’ असेही म्हणायचे नाही. काय करावे?
— एक आई

उत्तर : तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी थोडा थांबलो. मुलांच्या मनात सहलीची आठवण सतत नकार ऐकण्याची राहू नये, ही तुमची इच्छा अगदी योग्य आहे आणि ती बेताच्या खर्चातही पाळता येते.

सहलीत पैसे जातात ते ठरवून घेतलेल्या जेवणापेक्षा न ठरवता घेतलेल्या जेवणात. सकाळी थोडे खाऊन निघायचे, फिरता फिरता दीड-दोन वाजायचे, मुले किरकिरू लागायची, आणि मग प्रेक्षणीय स्थळाच्या अगदी दारातली जी जागा दिसेल तिथे शिरायचे, असा क्रम बहुतेक घरांत असतो. त्या दारातल्या जागेचे भाडे जास्त असते आणि आज आलेला पर्यटक उद्या परत येणार नाही हे तिच्या मालकाला ठाऊक असते, त्यामुळे तिथे किंमत चढी आणि काळजी कमी असण्याचा संभव असतो. तिथून दोन-तीन गल्ल्या आत चालत गेले की आसपासच्या दुकानांत आणि कार्यालयांत काम करणाऱ्यांच्या जेवणाच्या जागा लागतात. त्यांना रोज तेच गिऱ्हाईक सांभाळायचे असते. पण दहा मिनिटे चालण्याइतकी शक्ती मुलांच्या अंगात उरलेली असली पाहिजे, म्हणून जेवणाची जागा भूक लागण्याच्या तासभर आधी ठरवा. माझ्या अनुभवात खर्च वाचवणारी याहून प्रभावी युक्ती दुसरी नाही. पिशवीत केळी, सुकामेवा किंवा साधी बिस्किटे ठेवलीत तर हा तास सहज निघतो.

दिवसाचे मुख्य जेवण दुपारी घ्या. पुष्कळ उपाहारगृहांत दुपारचे ठरावीक जेवण तेच स्वयंपाकघर रात्री घेते त्यापेक्षा कमी दरात मिळते, कारण दुपारी कामाची माणसे येतात, लवकर उठतात आणि टेबले भराभर रिकामी होतात. चांगल्या नावाच्या एखाद्या जागी मुलांना न्यायचे असेल तर तेही दुपारीच न्या. रात्री खोलीवर हलके खाणे पुरते, आणि दिवसभर चाललेल्या मुलांना ते बहुधा आवडतेही.

बिल नीट पाहिलेत तर शीतपेये आणि बाटलीबंद पाणी यांचा वाटा डोळ्यांत भरेल. पेयांवर उपाहारगृहाचा नफा पदार्थांपेक्षा साधारणतः जास्त असतो. स्वतःच्या बाटल्या सुरक्षित पाण्याने भरून निघा आणि गोड पेयाची हौस दिवसातून एकदा, ठरवून, मजेत पुरवा. पदार्थ मागवताना चौघांसाठी सुरुवातीला तीनच सांगा. लागले तर चौथा नंतर मागवता येतो, मागवलेला मात्र परत करता येत नाही. ताट मोठे असले की माणूस जास्त खातो, हे प्रयोगांतही दिसले आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात प्रौढांना एकच पदार्थ वेगवेगळ्या दिवशी ५०० ग्रॅमपासून १,००० ग्रॅमपर्यंतच्या प्रमाणात वाढण्यात आला. सर्वांत मोठ्या वाढणीच्या दिवशी त्यांनी सर्वांत लहान वाढणीच्या दिवसापेक्षा ३० टक्के जास्त उष्मांक घेतले, आणि तरीही भूक शमल्याची त्यांची जाणीव जवळपास तेवढीच होती.

मुलांच्या हाती निवड द्यायची असेल तर एक दिवस एका मुलाला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला, दुपारच्या जेवणाचे पैसे आणि जागा निवडण्याचा अधिकार द्या. ‘महाग आहे’ हे वाक्य मग तुम्हाला उच्चारावे लागत नाही. आमच्या घरी हा प्रयोग झाला तेव्हा धाकट्याने मोठ्यांपेक्षा जास्त बारकाईने फलक वाचले होते.

प्रश्न : अनोळखी शहरात मी मोबाइलवरच्या ताऱ्यांवरून जागा निवडतो. कधी उत्तम जेवण मिळते, कधी घोर निराशा होते. या ताऱ्यांवर किती भरवसा ठेवावा?
— एक तरुण वाचक

उत्तर : ताऱ्यांच्या सरासरीवर थोडा आणि मजकुरावर जास्त भरवसा ठेवावा. या ताऱ्यांमागे पैसा गुंतलेला असतो. येल्प या संकेतस्थळावरील मूल्यांकनांचा २०११ साली झालेला एक अभ्यास सांगतो, की एका ताऱ्याच्या वाढीने स्वतंत्र मालकीच्या उपाहारगृहाचे उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढत होते. इतका लाभ दिसत असताना काही मालक खोटी स्तुती लिहवून घेणार, हे उघड आहे. म्हणून ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’ एवढेच सांगणारे अभिप्राय सोडून द्या. गेल्या दोन-तीन महिन्यांतले, पदार्थाचे नाव घेऊन लिहिलेले आणि दोन-तीन तारे देणारे अभिप्राय वाचा. मध्यम गुण देणारा माणूस काय आवडले आणि काय खटकले हे दोन्ही सांगतो. कमी तारे कशासाठी दिले आहेत तेही पाहा. उशीर झाला, बसायला जागा नव्हती, वाढपी फार बोलला नाही, अशा तक्रारी स्वस्त आणि चांगल्या जागेबद्दल हमखास असतात आणि तुमच्या पोटाशी त्यांचा काही संबंध नसतो. पोट बिघडल्याची तक्रार तीन वेगवेगळ्या माणसांनी केली असेल तर मात्र तिकडे फिरकू नका.

ग्राहकांऐवजी निरीक्षकांवर भर देणारी मार्गदर्शिकासुद्धा उपयोगी पडते. मिशलिन मार्गदर्शिका म्हटले की लोकांना फक्त महागडी उपाहारगृहे आठवतात, पण माफक दरात चांगले जेवण देणाऱ्या जागांसाठी तिने १९९७ पासून ‘बिब गुरमाँ’ ही वेगळी खूण ठेवली आहे. ही मार्गदर्शिका तुमच्या शहरासाठी निघत असेल तर तारे सोडून ती खूण शोधा.

प्रश्न : मित्रांच्या गटात बाहेर जेवायला गेलो की बिल सारखे वाटून घेतले जाते. माझ्याकडे पैसे कमी असतात, म्हणून मी एकच साधा पदार्थ घेतो आणि तरी इतरांइतकेच पैसे देतो. बोललो तर कंजूष ठरेन अशी भीती वाटते.
— वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी

उत्तर : तुमची अडचण खरी आहे आणि तुम्ही कंजूष नाही. तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांना गटागटाने उपाहारगृहात जेवायला नेले होते. ज्या गटांत बिल सारखे वाटले जाणार होते, तिथल्या माणसांनी स्वतःचे बिल स्वतः देणाऱ्यांपेक्षा सुमारे ३७ टक्के जास्त खर्चाचे पदार्थ मागवले. आणि आधी विचारले तेव्हा बहुतेकांनी आपले बिल आपण देण्याचीच पद्धत पसंत केली होती. तुमच्या गटातही असेच कोणीतरी मनातल्या मनात हिशेब करत असणार. बिल आल्यावर बोलणे अवघड जाते, म्हणून बसतानाच वाढप्याला ‘माझे बिल वेगळे करा’ असे सहज सुरात सांगा. ते ऐकून आणखी एखादा मित्र ‘माझेही’ म्हणतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. गटात जायचे आहे पण तेवढेही पैसे नाहीत अशा दिवशी, जेवून येतो आणि चहाला बसतो, असे म्हणण्यातही कमीपणा नाही.

प्रश्न : रात्रभराचा बसप्रवास किंवा लांबचा विमानप्रवास असेल तर आधी काय खावे? मला पोट फुगण्याचा फार त्रास होतो.
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : निघण्याच्या दोन-तीन तास आधी, नेहमीपेक्षा थोडे कमी आणि ओळखीचे अन्न खावे. नव्या पदार्थाची चव पाहण्याची ही वेळ नव्हे. विमानातल्या हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो, त्यामुळे आतड्यांतला वायू प्रसरण पावतो आणि पोट ताणल्यासारखे वाटते. कडधान्ये, कोबी आणि फसफसणारी पेये त्या दिवशी वगळली तर हा त्रास बराच कमी होतो. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी घोट-घोट पीत राहावे. तिथे खारट आणि गोड चव मंद जाणवते, त्यामुळे जेवण अळणी वाटले तरी वरून मीठ घेऊ नये. एका दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि बाहेरच्या जेवणात ही मर्यादा एरवीच लवकर ओलांडली जाते. बसमध्ये मळमळत असेल तर तेलकट खाणे टाळा, पण अगदी रिकाम्या पोटीही बसू नका. रात्री बस थांबेल तिथे जेवावेच असे नाही. जेवायचेच झाले तर डोळ्यांसमोर तव्यावरून उतरलेले तेवढे घ्यावे.

प्रश्न : एवढी काळजी घेऊनही परक्या ठिकाणी जुलाब सुरू झाले तर काय करावे? मी एकटाच फिरतो.
— एक भटका वाचक

उत्तर : प्रवासातले जुलाब बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होतात आणि तीन ते पाच दिवसांत आपोआप थांबतात. तोवर शरीरातून जाणारे पाणी आणि क्षार भरून काढणे हे मुख्य काम असते. जलसंजीवनीच्या दोन-चार पुड्या कायम जवळ ठेवा. त्या स्वस्त असतात, वजनाला नगण्य असतात, आणि रात्री दोन वाजता दुकान शोधावे लागत नाही. पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच सुरक्षित पाण्यात ती पूर्ण विरघळवा आणि तयार झालेले पाणी २४ तासांच्या आत संपवा, उरले तर टाकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये, कारण मीठ जास्त झाले तर अपाय होतो. उलटी होत असेल तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजत राहावे, म्हणजे तुमच्या बाबतीत स्वतःच घेत राहावे. भूक लागेल तसे साधे अन्न खायला हरकत नाही, उपास करण्याची गरज नसते.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांविषयी सावध राहा. शौचातून रक्त पडत असेल किंवा जोराचा ताप असेल तर लोपेरामाइडसारखी गोळी घेऊ नये. रक्त, जोराचा ताप, पाणीही न टिकणे, लघवी फार कमी होणे, उभे राहिल्यावर अंधारी येणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तुम्ही एकटे फिरता, म्हणून पहिल्या जुलाबानंतर लगेच, अजून अंगात शक्ती असताना, राहत्या जागेच्या चालकाला सांगून ठेवा आणि जवळचा दवाखाना कोणता ते विचारून घ्या. हे सांगायला संकोच वाटतो हे मला कळते, पण सकाळी तुमचे दार कोणी वाजवणार आहे की नाही, ते त्या दोन वाक्यांवर अवलंबून असते.

प्रश्न : कामासाठी मला एकटीला परगावी जावे लागते. उपाहारगृहात एकटीने बसून जेवायला फार अवघडल्यासारखे होते, सगळे बघत आहेत असे वाटते. म्हणून मी खोलीवर बिस्किटे खाऊन झोपते. पैसे वाचतात असे स्वतःला समजावते, पण तिसऱ्या दिवशी डोके दुखू लागते. यावर काही उपाय आहे का?
— एक वाचिका

उत्तर : आहे, आणि तुम्ही पत्र लिहिलेत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण ही गोष्ट पुष्कळ जणी कोणाला सांगत नाहीत. बिस्किटांवर काढलेले तीन दिवस ही बचत नव्हे. त्यांत प्रथिने नाममात्र असतात, साखर आणि मैदा भरपूर असतो, आणि पाणीही सहसा कमीच प्यायले जाते. डोकेदुखीचे कारण बहुधा तिथेच आहे, मात्र जेवण सुधारूनही ती थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

सुरुवात दुपारच्या जेवणापासून करा. कामाच्या दिवशी दुपारी साध्या उपाहारगृहात एकेकटी माणसेच जास्त असतात, प्रत्येकाला परत कामावर जायचे असते, आणि कोणाचेही कोणाकडे लक्ष नसते. गर्दीच्या अर्धा तास आधी गेलात तर अन्न नुकतेच तयार झालेले असते आणि बसायला हवी ती जागा मिळते. भिंतीला पाठ लागेल आणि दार दिसेल असे कोपऱ्यातले टेबल किंवा स्वयंपाकघरासमोरची लांब फळी असेल तर तिथली खुर्ची मागून घ्या. तिथे बसले की आचारी काय करतो ते दिसते, आणि नजर कुठे ठेवावी हा प्रश्नही सुटतो. एकाच गावी तीन दिवस राहायचे असेल तर तिन्ही दिवस एकाच जागी जा. दुसऱ्या दिवशी वाढपी ओळखतो आणि तिसऱ्या दिवशी काय चांगले झाले आहे ते न विचारता सांगतो. एरवी मी नव्या जागा शोधायला सांगतो, पण तुमच्यासाठी ओळखीची एक जागा जास्त मोलाची आहे.

रात्री बाहेर जाणे नको वाटत असेल किंवा परिसर सुरक्षित वाटत नसेल तर मुळीच जाऊ नका. दुपारीच तिथून रात्रीसाठी काही बांधून घेण्याचा मोह होईल. पण खोलीत शीतपेटी नसेल तर शिजवलेले अन्न सहा-सात तास तसेच राहील आणि पहिल्या पत्राच्या उत्तरातला सगळा धोका तुमच्या टेबलावर येईल. त्याऐवजी दुपारी पोटभर जेवून परत येताना अखंड फळे, दाणे आणि शीतपेटीबाहेर टिकणारे बंद डब्यातले दूध आणा. हे खाणे खोलीत निर्धास्त टिकते, आणि दूध उघडले की त्याच वेळी संपवावे. पुढच्या खेपेला निघण्यापूर्वी कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करून, तिथल्या बायका दुपारी कुठे जेवतात, एवढे एखादीला विचारून ठेवा. पहिल्या दिवशी ती तुम्हाला सोबत घेऊन जाण्याचीच शक्यता जास्त आहे.